स्टीअरिंगमधला मोकळेपणा: टाय रॉड एंड, रॅक एंड, की संपूर्ण रॅकच बदलायचा?

चाकोरी (प्रश्न)

नमस्कार. माझी लहान, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आतापर्यंत सुमारे 92,000 किलोमीटर चालली आहे. गेल्या काही महिन्यांपासून सरळ रस्त्यावर जाताना स्टीअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे हलवले तरी गाडी लगेच दाद देत नाही, आणि मग एकदम वळते. कमी वेगात खडबडीत रस्त्यावरून जाताना डाव्या बाजूने ‘टक्-टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि त्यातला काही धक्का स्टीअरिंगवर हातालाही जाणवतो. तीन महिन्यांपूर्वी व्हील अलाइनमेंट करून घेतले होते. त्यानंतर पंधरा दिवस गाडी सरळ चालली, पण आता स्टीअरिंग सरळ धरले की गाडी पुन्हा एका बाजूला ओढते आणि डाव्या टायरची आतली कड उजव्या टायरपेक्षा लवकर झिजते आहे.

एका गॅरेजमध्ये दाखवल्यावर गाडी वर न उचलताच, केवळ चालवून पाहून, संपूर्ण स्टीअरिंग रॅक बदलावा लागेल असे सांगण्यात आले. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो, परंतु त्याला उत्तर देण्याइतके ज्ञान माझ्यापाशी नाही. कोणता भाग झिजला आहे हे घरी, साध्या अवजारांनी, खात्रीने ओळखता येते का? आणि तो टाय रॉड एंडसारखा छोटा भाग असेल तर स्वतः बदलण्याचे धाडस करावे का? माझ्याकडे पान्यांचा संच, जॅक आणि दोन मजबूत जॅक स्टँड आहेत. साधी दुरुस्ती, म्हणजे ब्रेक पॅड बदलण्यापर्यंतची कामे, मी स्वतः करतो.

आटे-पाने

तुमची शंका योग्य आहे. गाडी वर न उचलता आणि एकही सांधा हाताने न तपासता रॅक बदलण्याचा निर्णय देता येत नाही. रॅक बिघडतो, हे खरे. पण स्टीअरिंगमधला मोकळेपणा बहुतेक वेळा त्याच्या टोकांना जोडलेल्या सांध्यांत असतो, आणि ते सांधे स्वतंत्रपणे मिळतात.

आधी साखळी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही स्टीअरिंग फिरवता तेव्हा कॉलममधला दांडा फिरतो. तो एक-दोन युनिव्हर्सल जॉइंटमधून खाली येऊन पिनियन नावाचे छोटे दातेरी चाक फिरवतो, आणि पिनियन रॅकचा दातेरी दांडा डावी-उजवीकडे सरकवतो. रॅकच्या दोन्ही टोकांना आतले गोलसांधे असतात, ज्यांना आपल्याकडे रॅक एंड म्हणतात. ते घडीच्या रबरी बूटाखाली झाकलेले असतात. त्यांच्यापासून निघालेल्या दांड्यांच्या बाहेरच्या टोकाला टाय रॉड एंड असतो आणि त्याचा निमुळता खुंट नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या वळणाऱ्या भागात, बसतो. नकल स्वतः खालच्या बाजूने लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बॉल जॉइंटवर फिरते. या साखळीत कुठेही मिलिमीटरभर ढिलावा आला तरी तो स्टीअरिंगच्या कडेपाशी मोठा होऊन जाणवतो, कारण तिथे हालचाल मुळातच मोठी असते.

पहिली चाचणी अगदी सोपी आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत विश्वासार्ह आहे. गाडी सपाट जमिनीवर चाकांवरच उभी ठेवा, पार्किंग ब्रेक ओढा आणि इंजिन चालू करा. एकाने स्टीअरिंग मध्यापासून दोन्हीकडे फक्त इंच-दीड इंच पटकन हलवत राहावे, आणि दुसऱ्याने बाजूने वाकून, पूर्ण गाडीखाली न जाता, टॉर्चच्या उजेडात एकेका सांध्याकडे पाहावे व त्यावर बोटे ठेवावीत. सांधा निरोगी असेल तर त्याच्या दोन्ही बाजू एकाच क्षणी हलतात. झिजलेल्या सांध्यात एक बाजू आधी हलते, दुसरी मागाहून. आणि तोच क्षणाचा फरक बोटांना ‘टक्’ असा जाणवतो. याच वेळी स्टीअरिंगच्या कडेपाशी पट्टी धरून मोकळी हालचाल मोजा. गाडीच्या पुस्तिकेत याची कमाल मर्यादा दिलेली असते. अनेक गाड्यांत ती 10 ते 30 मिलिमीटरच्या दरम्यान असते. तुमच्या गाडीचा आकडा पाहूनच मत बनवा.

दुसरी चाचणी चाक उचलून करायची. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, जॅकने पुढचा भाग उचला आणि जॅक स्टँडवर टेकवा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. आता चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून आळीपाळीने ओढा-ढकला. इथे खडखड जाणवली तर शंका टाय रॉड एंड किंवा रॅक एंडची. मग चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. इथला ढिलावा बॉल जॉइंटचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा असतो. बेअरिंग झिजले असेल तर दोन्ही दिशांना हालचाल दिसते, म्हणून सोबत्याला ब्रेकचे पेडल दाबून धरायला सांगून पुन्हा तपासा. ब्रेक दाबल्यावर हालचाल नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा, कायम राहिली तर सांध्याचा.

आतला रॅक एंड बूटाखाली असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, आणि तुमच्या गॅरेजवाल्यांची चूक झाली असेल तर ती बहुधा इथेच. बाहेरचा टाय रॉड एंड घट्ट दिसला आणि तरी चाक तीन-नऊवर हलत असेल, तर लोक रॅकलाच दोष देतात. त्याऐवजी घडीचा बूट हाताने दाबून आतला गोलसांधा बोटांत पकडा आणि सोबत्याला चाक हलवायला सांगा. रॅकचा दांडा स्थिर राहून पुढचा दांडा आत-बाहेर ठोके देत असेल तर रॅक एंड झिजला आहे, रॅक नव्हे.

टायरही बोलतो, पण त्याची भाषा नीट ऐकावी लागते. आतली कड गुळगुळीत, सारखी झिजली असेल तर कॅम्बरकडे, म्हणजे समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती कललेले आहे त्याकडे, पाहावे. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे धारदार लागत असेल तर टो बिघडला आहे. टो, म्हणजे वरून पाहता दोन्ही पुढची चाके एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून किती कललेली आहेत ते प्रमाण, ठरतो टाय रॉडच्या लांबीवर. आणि सैल सांध्यामुळे ही लांबी चालत्या गाडीत क्षणोक्षणी बदलत असते. म्हणूनच तुमचे अलाइनमेंट पंधरा दिवसांत बिघडले असावे. सैल सांध्यांवर केलेले अलाइनमेंट ही कागदावरची नोंद असते. चाकाला ती बांधून ठेवत नाही. यापुढे सांधे तपासल्याशिवाय अलाइनमेंट करून देणाऱ्याकडे जाऊ नका.

घट्टपकड

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र बॉल जॉइंटच्या चाचणीबाबत एक दुरुस्ती सुचवतो. बारा-सहाची चाचणी करताना जॅक कुठे लावला आहे, याला महत्त्व आहे. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या गाड्यांत, म्हणजे बहुतेक लहान गाड्यांत, स्प्रिंग लोअर आर्मवर नसते, त्यामुळे चाक लटकते ठेवूनही बॉल जॉइंट मोकळा तपासता येतो. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे चाक लटकल्यावर स्प्रिंग आर्मला खाली रेटते आणि झिजलेला सांधाही घट्ट भासतो. तिथे जॅक लोअर आर्मखालीच, शक्य तितका चाकाजवळ लावून सांध्यावरचा भार काढावा लागतो. हे न समजल्यामुळे धोकादायक बॉल जॉइंट ‘ठीक आहे’ म्हणून सोडलेले मी पाहिले आहेत. टाय रॉड एंड सुटला तर एका चाकावरचा ताबा जातो. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवे पडते आणि गाडी कोसळून रस्त्यावर घासत जाते. दोन्ही जीवघेणे आहे. बूट फाटलेला आणि सांधा हलणारा असेल तर तो भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नये.

आता बदलण्याविषयी. ब्रेक पॅड बदलण्याचा हात असेल तर बाहेरचा टाय रॉड एंड तुम्हाला जमेल. चाक काढल्यावर आधी तारेच्या ब्रशने आटे घासून गंज काढा आणि गंजमोचक तेल मारून थोडा वेळ थांबा. नंतर खुंटाच्या मध्यापासून चेक नटपर्यंतचे (टाय रॉड एंड दांड्यावर जखडून ठेवणाऱ्या नटपर्यंतचे) अंतर मोजून लिहून ठेवा. अनेकजण फक्त जुना भाग किती वळसे फिरून निघाला ते मोजतात, पण नव्या भागाच्या आट्यांची खोली वेगळी असू शकते. म्हणून वळसेही मोजा आणि अंतरही. आट्यांमधील अंतर साधारण दीड मिलिमीटर असते, म्हणजे एका वळशाची चूकही टोमध्ये दिसते.

चेक नट पाव वळसा सैल करा. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, त्यामुळे जोर लावण्यापूर्वी आट्यांची दिशा पाहून घ्या. मग खुंटावरच्या नटची कॉटर पिन (नट फिरू न देणारी आरपार पिन) काढा, नट सोडवा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे सांधा सुटताना झटका बसणार नाही. निमुळता खुंट नकलमध्ये घट्ट रुतलेला असतो आणि तो नटवर हातोडा मारून निघत नाही. तसे केले तर आटे मात्र ठेचले जातात. त्यासाठी पुलर, म्हणजे दाब देऊन सांधा सोडवणारे अवजार, वापरावा. पुलर नसेल आणि नकल लोखंडी असेल, तर ज्या कानात खुंट बसला आहे त्या कानाच्या बाजूवर दोन-चार नेमके, जोरदार फटके मारले की तो सुटतो. नकल अॅल्युमिनियमची असेल तर फटके मुळीच नकोत. दुबेळक्याच्या आकाराची पाचर ठोकून काढण्याची पद्धतही आहे, पण ती रबरी बूट हमखास फाडते. म्हणून जो भाग टाकूनच द्यायचा आहे त्याच्यासाठीच ती ठेवा.

नवा भाग बसवताना खुंट व त्याचे घर दोन्ही कोरड्या कापडाने स्वच्छ पुसा. निमुळत्या पृष्ठभागावर ग्रीस लावू नका. तिथली पकड कोरड्या घर्षणावरच अवलंबून असते. नट आवळताना खुंट नटाबरोबरच फिरू लागला तर खालून जॅकने हलका दाब देऊन तो घरात रुतवा, किंवा खुंटाच्या टोकाला षट्कोनी खाच असेल तर तिथे ॲलन की धरा. किती आवळायचे ते पुस्तिकेतून घ्या. अनेक लहान गाड्यांत हा आकडा 35 ते 55 न्यूटन-मीटरच्या दरम्यान आढळतो, आणि तो टॉर्क रेंचनेच पाळावा. कॅसल नट (वरच्या कडेला खाचा असलेला) असेल आणि कॉटर पिनचे भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळून भोक जुळवा, सैल करून कधीही नाही. पिन नवीच घाला. नायलॉनचे कडे असलेला नट असेल तर तोही नवाच.

एक वेगळा मुद्दा. टक्-टक् आवाज आणि स्टीअरिंगचा मोकळेपणा यांचे कारण एकच असेल, असे गृहीत धरू नका. स्टॅबिलायझर लिंकही (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या बारच्या टोकाचा छोटा दांडा) अगदी असाच आवाज करते, पण तिच्यामुळे स्टीअरिंग मोकळे होत नाही.

चाकोरी

दोघांचेही मनापासून आभार. काल बहिणीला स्टीअरिंगवर बसवून सर्व चाचण्या केल्या. स्टीअरिंगच्या कडेपाशी मोकळी हालचाल सुमारे 35 मिलिमीटर भरली. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत मर्यादा 30 आहे. बॉल जॉइंट दोन्हीकडे घट्ट आहेत आणि ब्रेक दाबूनही फरक पडला नाही, म्हणजे बेअरिंग ठीक आहेत. उजव्या बाहेरच्या टाय रॉड एंडमध्ये अगदी किंचित हालचाल आहे. डावीकडे बाहेरचा सांधा घट्ट आहे, पण घडीचा बूट एका घडीत चिरलेला दिसला आणि तो दाबून धरल्यावर आतला सांधा हातात स्पष्ट ठोके देत होता. बूटातून तेल मात्र निघाले नाही; माझ्या गाडीत विजेवर चालणारे पॉवर स्टीअरिंग आहे, त्यामुळे तेल नसणारच, हे नंतर लक्षात आले. टायरच्या नक्षीवर हात फिरवल्यावर एका बाजूने करवतीसारखे लागते.

आता प्रश्न असा की डावा रॅक एंड मी स्वतः बदलू शकतो का, आणि रॅक खरोखरच वाचेल का?

आटे-पाने

तुमची नोंद इतकी नेमकी आहे की निदान जवळपास झालेच आहे. चिरलेल्या बूटातून पाणी आणि धूळ आत गेली, ग्रीस धुऊन निघाले आणि सांधा कोरडा पडून झिजला. हा क्रम नेहमीचाच आहे. ज्यांच्या गाडीत तेलाचे पॉवर स्टीअरिंग आहे, त्यांना बूट दाबल्यावर आत तेल साचलेले आढळले तर रॅकचे सील गळते आहे असे समजावे, आणि तेव्हा रॅकचे काम टाळता येत नाही. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

रॅक वाचेल का, हे दोन गोष्टींवरून कळेल. दोन्ही पुढची चाके उचलून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्यभागी मोकळे आणि टोकांकडे घट्ट, असा फरक जाणवला तर दाते झिजले आहेत. गाडी बहुतांश वेळ सरळच चालते, म्हणून रॅकचे मधले दातेच आधी झिजतात. अशा रॅकच्या मागचा समायोजनाचा स्क्रू आवळून मोकळेपणा घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. मध्य घट्ट झाला की टोकांना रॅक अडकतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप परत येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, गाडी चाकांवर उभी ठेवून केलेल्या पहिल्या चाचणीच्या वेळी रॅकचे संपूर्ण घर चॅसिसच्या तुलनेत सरकते का ते पाहा. सरकत असेल तर फक्त त्याचे माउंटिंग बुश (घर धरून ठेवणारे रबरी तुकडे) बदलावे लागतील. कॉलमच्या तळाशी, पेडलांजवळ दिसणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटवरही बोट ठेवून पाहा. तिथे ठोका लागला आणि दांडा सुटा करायची वेळ आली तर स्टीअरिंग आधी सरळ ठेवून बांधून टाका. ते मोकळे फिरले तर एअरबॅगची गुंडाळलेली तार तुटते.

रॅक एंड स्वतः बदलता येतो, पण बाहेरच्या टाय रॉड एंडपेक्षा हे काम एक पायरी अवघड आहे. रॅक एंड काढण्यासाठी नळीसारखा विशेष पाना लागतो. तो भाड्याने मिळाला तर घ्या, पाइप पाना वापरून रॅकचा पॉलिश केलेला दांडा ओरखडू नका, कारण त्या ओरखड्यांवरून सील फाटते. जिथे लॉक वॉशरची कड वाकवलेली असते तिथे ती आधी सरळ करा. सैल करताना आणि आवळताना रॅकच्या सपाट भागावर दुसरा पाना धरून प्रतिजोर द्यायचा, म्हणजे सर्व ताण पिनियनच्या दातांवर जाणार नाही. नवा बूट चढवताना त्याला पीळ पडू देऊ नका आणि दोन्ही क्लिपा नव्या लावा. स्टीअरिंग वळताना एक बूट दाबला जातो आणि दुसरा ताणला जातो, म्हणून पिळलेला बूट लवकर फाटतो. उजव्या टाय रॉड एंडमध्ये किंचितही हालचाल असेल तर तोही याच वेळी बदला. दोन अलाइनमेंटचा खर्च आणि दुप्पट श्रम करण्यात अर्थ नाही.

भाग बसवल्यावर गाडी अलाइनमेंटच्या यंत्रापर्यंत सावकाश न्या. विजेच्या स्टीअरिंगमध्ये काही गाड्यांना अलाइनमेंटनंतर स्टीअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणावा लागतो. तो आणला नाही तर स्थैर्य नियंत्रणाचा दिवा लागू शकतो. तुमच्या गाडीला ते लागते का, ते आधीच विचारून घ्या.

चाकोरी

काम पूर्ण झाले. डावा रॅक एंड हातात घेतल्यावर त्याचा दांडा स्वतःच्या वजनाने लुळा पडत होता. नव्या भागाचा दांडा मी जोर लावून हलवतो तेव्हाच हलतो. बूटाच्या आत गंजाचा लालसर गाळ होता. रॅकचे दाते टोकापासून टोकापर्यंत सारखे फिरतात, त्यामुळे रॅक तसाच ठेवला. उजवा टाय रॉड एंडही बदलला. त्याचा खुंट दोन फटक्यांत सुटला. अलाइनमेंट करणाऱ्याने स्टीअरिंग मध्यावर बांधून दोन्ही बाजूंना सारखे समायोजन केले आणि सेन्सरही शून्यावर आणून दिला. आता मोकळी हालचाल 10 मिलिमीटरच्या आत आहे आणि गाडी सरळ जाते.

खडबडीत रस्त्यावरचा आवाज खूप कमी झाला असला तरी संपूर्ण गेलेला नाही. एक चाक खड्ड्यात गेले की डावीकडून अजूनही हलकी ‘टक्’ ऐकू येते, पण आता स्टीअरिंगवर धक्का येत नाही.

घट्टपकड

मग ती स्टॅबिलायझर लिंक असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही पुढची चाके सारख्या उंचीवर असताना, म्हणजे एकतर दोन्ही जमिनीवर किंवा दोन्ही उचललेली, लिंक हाताने पकडून जोरात हलवा. एकच चाक उचलले तर बारला पीळ बसतो, लिंक ताणली जाते आणि तिचा ढिलावा लपतो. झिजली असेल तर दोन्ही बाजूंच्या बदला. त्यांच्यासाठी अलाइनमेंट पुन्हा करावे लागत नाही. आणि काही शे किलोमीटर चालल्यावर दोन्ही टाय रॉडचे चेक नट एकदा पान्याने तपासा, कारण अलाइनमेंटच्या वेळी हेच नट सैल करून पुन्हा आवळलेले असतात.